फुटलेला घट आणि उरलेला घट : अनित्यतेच्या सौंदर्याविषयी काही विचार

१

मराठी वाङ्मयव्यवहाराला जपानी सौंदर्यदृष्टीचा परिचय नवा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधून जपान मराठी वाचकाच्या घरात आला. पुढे 'सौंदर्यानुभव'सारखा ग्रंथ लिहिणाऱ्या प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या जपानविषयक प्रवासवर्णनाला 'तोकोनोमा' हे नाव दिले. जपानी घरात एखादे चित्र व एखादी पुष्परचना एवढेच ठेवण्यासाठी राखलेला जो कोनाडा, त्याचे हे नाव. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यालाही आता दीर्घ काळ लोटला आहे. अलीकडे मात्र या परिचयाला वेगळे वळण लागले आहे. 'वाबी', 'साबी', 'किन्त्सुगी' हे शब्द गृहसजावटीच्या सदरांत आणि आत्मविकासाच्या पुस्तकांत सर्रास वावरू लागले आहेत. तडा गेलेल्या भांड्यातही सौंदर्य असते, जे टिकत नाही तेच सुंदर असते, अशी सुभाषितवजा विधाने त्यांच्याबरोबर येतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु एखादी सौंदर्यसंकल्पना सुभाषित होऊन येते तेव्हा ती ज्या प्रश्नातून जन्मली तो प्रश्न मागेच राहतो.

प्रस्तुत लेखात या संकल्पनांची व्याख्या करण्यापेक्षा, मराठी परंपरेच्या संदर्भात त्या कोणता प्रश्न उभा करतात हे पाहण्याचा प्रयत्न आहे. अनित्यतेची जाणीव मराठीला बाहेरून आणावी लागलेली नाही. संतकाव्यात ती ओतप्रोत आहे आणि तिच्या मागे असलेला बौद्ध अनित्यविचार तर भारतातूनच चीन-कोरियामार्गे जपानात गेला. मग जपानने असे काय केले, की जे येथे वैराग्याचे कारण होते ते तेथे सौंदर्याचे अधिष्ठान झाले? आणि ते अधिष्ठान येथे आणताना समीक्षेने कोणती सावधगिरी बाळगावी? हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

२

दोन्ही परंपरांना समान असलेली एक वस्तू घेऊन हा भेद स्पष्ट करता येईल. ती वस्तू म्हणजे मातीचे भांडे. वेदान्तातील घटाकाशाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. घटातील आकाश आणि बाहेरचे महाकाश एकच असून घट ही केवळ उपाधी आहे. घट फुटतो तेव्हा आकाशाचे काहीच बिघडत नाही. संतकाव्यातील देह-घटाची रूपके बहुतेक याच दिशेने जातात. घट फुटण्याचा क्षण येथे महत्त्वाचा आहे, कारण त्या क्षणी जे फुटत नाही त्याचे दर्शन होते. लक्ष आकाशाकडे जाते. खापऱ्यांकडे कोणी पाहत नाही. तेरच्या गोरोबाने थापटण्याने संतांची डोकी तपासली, ही आख्यायिकाही याच मूल्यव्यवस्थेतली आहे. कच्चे आणि पक्के अशा दोनच अवस्था तेथे संभवतात, आणि पक्केपणा हीच सिद्धी ठरते.

किन्त्सुगीच्या प्रक्रियेत लक्ष नेमके उलट दिशेने जाते. फुटलेल्या पेल्याचे तुकडे उरुशी या झाडाच्या चिकाने जोडतात. हा चीक घट्ट व्हायला उबदार, दमट हवा लागते. थरावर थर देत, मध्ये वाट पाहत हे काम आठवडे चालते. शेवटी जोडाच्या रेषेवर सोन्याची भुकटी चढवितात. भेग लपविली जात नाही; ती पेल्याच्या चरित्राचा भाग होते. येथे घट हाच विषय आहे, त्याच्या पलीकडचे काही नव्हे. भग्नतेतून अभग्नाकडे जाण्याची घाई नसल्याने भग्न वस्तूजवळ थांबण्याला अवसर मिळतो.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हाच भेद वेगळ्या तऱ्हेने मांडता येईल. जगाची अनित्यता हा शांतरसाचा विभाव मानलेला आहे. मम्मटाने निर्वेद हा त्याचा स्थायिभाव सांगितला. अभिनवगुप्ताने त्याच्याही पुढे जाऊन तत्त्वज्ञान, म्हणजे आत्मस्वरूपाचे ज्ञान, हेच त्याचे अधिष्ठान मानले. दोन्ही मतांत अनित्यता ही पायरी आहे. ती ओलांडायची असते. जपानी विचारात 'मोनो नो अवारे' म्हणून जी संकल्पना आली तिच्यात मात्र ही पायरी ओलांडली जात नाही. वस्तूच्या ठायी असलेल्या नश्वर हृद्यतेने मन हलणे, आणि त्या हलण्याची पूर्ण जाणीव असणे, एवढाच तिचा गाभा. मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१) या अभ्यासकाने १७६३ मध्ये 'गेन्जी मोनोगातारी'वरील आपल्या विवेचनात ती सैद्धांतिक पातळीवर मांडली. मुरासाकी शिकिबूच्या अकराव्या शतकाच्या आरंभीच्या या कादंबरीकडे त्याच्या काळातील विद्वान कन्फ्यूशियन सदाचाराच्या किंवा बौद्ध कर्मविचाराच्या चष्म्यातून पाहत होते. नोरिनागाने तो चष्मा नाकारला. साहित्याने बोध करावा हा आग्रहच त्याने बाजूला सारला. नश्वराविषयी हळहळणारे मन कमकुवत असेल, परंतु तेच माणसाचे खरे मन, अशी त्याची भूमिका होती.

म्हणजे 'मोनो नो अवारे' ही जपानी स्वभावातून आपोआप उमललेली वृत्ती नसून बोधवादाविरुद्ध उभा केलेला एक वाङ्मयीन युक्तिवाद आहे. प्रसिद्धीच्या ओघात हे सहसा विसरले जाते. मराठीशी तिचे नाते जोडायचे असेल तर ते याच मुद्द्यावर जोडावे लागेल, कारण बोधवादाचा प्रश्न मराठी कवितेला परका नाही.

३

हा भेद अमूर्त पातळीवर न ठेवता दोन समकालीन कवींच्या संदर्भात तपासणे उपयुक्त ठरेल. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४-१८१९) आणि जपानमधील काशिवाबारा या खेड्यातला कोबायाशी इस्सा (१७६३-१८२८) यांच्यात प्रभावाचा कोणताही संबंध असणे शक्य नव्हते. त्यामुळेच तुलना निर्भेळ होते. दोघेही दरबारापासून दूरच्या गावांचे. दोघांचीही भाषा बोलीच्या अंगाने जाणारी. आणि दोघांच्याही अनुभवविश्वात अस्थैर्य भरून राहिलेले.

फंदीच्या हयातीत पेशवाईचा कडेलोट झाला. मार्च १७९५ मधील खर्ड्याच्या विजयाचा पोवाडा त्याने गायिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात मरण पावला, आणि फंदीने 'श्रीमाधवनिधन' हे ओवीबद्ध काव्य रचले. दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द त्याने पाहिली, १८१८ मध्ये पेशवाई बुडालेली पाहिली, आणि पुढच्याच वर्षी तो मरण पावला. वैभव किती क्षणभंगुर असते याचा इतका सलग प्रत्यय फार थोड्या मराठी कवींना आला असेल.

परंतु फंदीचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते फटक्यामुळे. फटका हा रचनाप्रकार त्याच्याच नावाशी जोडला जातो. त्याचा घाट लक्षात घेण्याजोगा आहे. संसारी माणसाला उद्देशून एकामागून एक निषेधवाक्ये येतात. प्रत्येक वाक्य यमकावर येऊन पक्के बसते. डफावरच्या थापेसारखे ते ऐकणाऱ्यावर आदळते. जग बेभरवशाचे आहे हे येथे गृहीत आहे, परंतु त्या बेभरवशाकडे पाहत राहण्याला वाव नाही. तेथून तत्काळ वर्तनाचा नियम निघतो. रूपबंधच बंदिस्त असल्याने अनुभवही बंदिस्त होतो. अर्थात हे फंदीचे न्यून नव्हे. ज्या समाजाच्या पायाखालची जमीन सरकत होती त्याला नियमाचा आधार देणे ही त्या कवितेची खरी गरज होती.

फंदीच्या आयुष्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक कथा या संदर्भात अर्थपूर्ण आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशाने त्याने तमाशा सोडला, डफ टाकला आणि तो कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा वाङ्मयीन अर्थ स्पष्ट आहे. तमाशातील लावणी त्या रात्रीपुरती असते. ती रंगते आणि विरते. कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण आधी येते आणि उत्तररंगातील आख्यान त्याला दृष्टान्त म्हणून उभे राहते. कथेतील सुखदुःख आधीच ठरलेल्या तात्पर्याच्या सेवेला लागते. डफाकडून कीर्तनाकडे झालेला हा प्रवास म्हणजे विरून जाणाऱ्या क्षणाकडून टिकणाऱ्या बोधाकडे झालेला प्रवास होय. परंपरेने ही कथा जपली आणि तिला कवीचा उद्धार मानले, यातच मराठी अभिरुचीचा कल दिसतो.

ज्या १८१९ साली फंदी संगमनेरात वारला त्याच वर्षी इस्साची लहानगी मुलगी सातो देवीच्या साथीत दगावली. त्या वर्षाची हकीकत इस्साने 'ओरा गा हारु' या गद्यपद्यमिश्रित पुस्तकात लिहिली. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८५२ मध्ये छापले गेले. मुलीच्या मृत्यूवरचा त्यातील हायकू जगभर परिचित आहे. इस्सा श्रद्धावान बौद्ध होता. जग दंवासारखे आहे ही शिकवण त्याला ठाऊक होती, आणि हायकूच्या आरंभी तो तिचा स्वीकारही करतो. त्यानंतर मात्र एक उभयान्वयी अव्यय येते आणि कविता तेथेच संपते. वाक्य पुरे होत नाही. शिकवण खोटी ठरविलेली नाही. परंतु तिच्याने दुःख भागत नाही एवढे त्या अपुरेपणातून कळते. बापाला जे म्हणायचे आहे ते व्याकरणाच्या रिकाम्या जागेत राहिले आहे.

अपूर्णतेचे सौंदर्य म्हणजे काय याचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण. येथे अपूर्णता म्हणजे वस्तूवरचा ओरखडा किंवा रचनेतला ढिलेपणा नव्हे. पूर्ण वाक्य ज्या समाधानाचे आश्वासन देते ते नाकारण्याचा तो निर्णय आहे. फटक्याची पूर्ण ओळ आणि इस्साची अर्धी ओळ ही अनित्यतेला दिलेली दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. एक सांगते, जग असे आहे म्हणून असे वाग. दुसरी 'म्हणून' या शब्दापर्यंत जातच नाही.

४

मराठीत हायकू आला तेव्हा काय घडले, हे या पार्श्वभूमीवर पाहता येईल. शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी या रचनाप्रकारासाठी जे केले त्याचे मोल मोठे आहे. निसर्गातील क्षणाला विशेषणांच्या ओझ्यातून सोडविण्याची सवय त्यांनी मराठी कवितेला लावली. पाच-सात-पाच या ध्वनिसंख्येचा आग्रह त्यांनी धरला नाही, आणि ते योग्यच होते, कारण जपानी ध्वनिमात्रा आणि मराठी अक्षर यांची वजने सारखी नाहीत. परंतु मराठी हायकूने तीन ओळींबरोबर यमकाचाही आधार अनेकदा घेतला. येथे एक मूलभूत प्रश्न निर्माण होतो. जपानी हायकूत यमक नसते. तेथे 'किरेजी' म्हणजे छेद देणारा शब्द असतो. तो कवितेचे दोन तुकडे करतो आणि त्या तुकड्यांमधली भेग वाचकावर सोपवितो. यमकाचे कार्य याच्या उलट असते, ते तुकडे सांधते. मराठी कानाला यमक लागले की कविता संपल्याचे समाधान मिळते, आणि हे समाधानच फटक्याच्या घाटात आपण पाहिले. त्यामुळे आशय क्षणाचा आणि घाट सुभाषिताचा, अशी विसंगती पुष्कळ मराठी हायकूंत जाणवते. पैंच्या उत्तम रचना ही विसंगती ओलांडतात. अनुकरणातून आलेल्या रचनांना ती ओलांडता येत नाही.

या समाधानाच्या ओढीला मराठी सौंदर्यशास्त्रानेही बळ दिले. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. त्यांतील समतोल हे तत्त्व विरोधालाही आपल्या पोटात घेऊन कलाकृतीला पूर्ण करते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात या व्यूहाची कठोर चिकित्सा केली आणि सौंदर्यविचारातील लौकिकतावादी व अलौकिकतावादी ध्रुवांमधला ताण दाखवून दिला. तरीही 'कलाकृती म्हणजे एकात्म, स्वयंपूर्ण रचना' हे गृहीत मराठी समीक्षेत, विशेषतः अध्यापनात, फारसे हलले नाही. गंमत अशी की 'काही कविता' (१९४७) मधली मर्ढेकरांची स्वतःची कविता त्यांच्या सिद्धांताहून अधिक भेगाळलेली आहे. ओवी-अभंगाचे जुने घाट ते घेतात आणि त्यांत यंत्रयुगातील असे शब्द बसवितात, की घाट आणि शब्द यांच्यातला सांधा सतत उघडा पडतो. ही कविता समतोलाच्या तत्त्वाने वाचली तर तिच्या भेगा दोष ठरतात किंवा त्या बुजवाव्या लागतात. भेगांसह वाचली तर तिचा अर्थ वाढतो. जपानी सौंदर्यविचाराचा मराठीतला खरा उपयोग असा, आपल्याच साहित्याच्या फेरवाचनात आहे.

शाहिरी वाङ्मयाच्या संहितांबाबतही हेच म्हणता येईल. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि गायिली जाणारी रचना छापील होऊ लागली. तेव्हापासून संपादकाला एक निर्दोष पाठ हवा असतो. परंतु पोवाड्याचा प्रत्येक प्रयोग वेगळा असे. गळालेले चौक आणि बदललेले शब्द या त्या प्रयोगांच्या खुणा होत. फंदीची हाती आलेली रचना मर्यादित आहे. तिच्या उणिवा भरून काढण्याइतकेच, त्या उणिवांतून गायनाचा इतिहास वाचणेही अभ्यासकाचे काम आहे.

५

येथपर्यंतचे विवेचन जपानी दृष्टीच्या बाजूने झुकलेले वाटेल. परंतु तिच्या स्वीकारात एक धोका आहे, आणि तो वाङ्मयीन तितकाच सामाजिक आहे.

संगमनेर हे हातमागाचे जुने गाव. या परिसरात, आणि एकूणच घाटावर, लुगडे विरले की त्याचा उपयोग संपत नसे. त्याचे धडपे बाळुत्यांना जात, चांगला भाग गोधडीत जाई, उरल्यासुरल्याची चिंधी होई. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवतात. जेथे वीण गेली असेल तेथे ठिगळ येते. वर्षे गेली की ठिगळावर ठिगळ बसते. वाबी-साबीच्या चष्म्यातून पाहिले तर गोधडी हे अपूर्णतेचे आणि अनित्यतेचे आदर्श उदाहरण ठरावे. शहरी घरांच्या भिंतींवर ती आता त्याच भावाने टांगली जाते.

परंतु हे ठिगळ आणि सेन नो रिक्यूच्या चहागृहातले साधेपण यांत एक निर्णायक अंतर आहे. रिक्यू (१५२२-१५९१) हा साकाईच्या सधन व्यापारी घरातला, आणि हिदेयोशीसारख्या सत्ताधीशाचा चहागुरू. ज्या हिदेयोशीने सोन्याने मढविलेली चहाची खोली करवून घेतली, त्याच्याच आश्रयाने रिक्यूची दोन चटयांची मातीच्या भिंतींची खोली आणि चोजिरोने चाकाशिवाय हाताने घडविलेले काळे पेले प्रतिष्ठा पावले. वाबीचे दारिद्र्य हे निवडलेले दारिद्र्य होते. सोन्याच्या खोलीशेजारी उभे असल्यानेच त्याला अर्थ होता, आणि त्या निवडीत सत्तेला दिलेले मूक आव्हानही असावे. १५९१ मध्ये हिदेयोशीच्याच आज्ञेने रिक्यूला आत्महत्या करावी लागली. गोधडी शिवणाऱ्या बाईने मात्र ठिगळ निवडलेले नसते. तिच्यापुढे पर्याय असता तर तिने कदाचित अखंड, नवे कापड घेतले असते.

हा प्रश्न जपानी परंपरेलाही विचारला गेला आहे. यानागी सोएत्सु (१८८९-१९६१) याने अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातील वस्तूंचे सौंदर्य 'मिंगेई' या नावाने पुढे आणले. चहाच्या परंपरेत पूज्य ठरलेला किझाएमोन हा पेला मुळात कोरियातील सामान्य माणसाचा भाताचा वाडगा होता, हे त्याने आवर्जून सांगितले. त्याचे कोरियावरचे प्रेम खरे होते. परंतु १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात असताना त्याने कोरियन कलेचे सौंदर्य दुःखाचे सौंदर्य म्हणून वर्णिले, आणि पुढे कोरियन अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला. ज्याच्यावर दुःख लादले गेले त्याच्या कलेत राज्यकर्त्याच्या देशातल्या रसिकाने दुःखच पाहावे, ही रसिकता निरागस राहू शकत नाही.

मराठी समीक्षेला हा युक्तिवाद अपरिचित वाटू नये. दलित साहित्याने प्रस्थापित सौंदर्यकल्पनांवर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता, आणि शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकात त्याची सैद्धांतिक मांडणी केली. भोगलेल्या वंचनेचे आस्वाद्य वस्तूत रूपांतर करणे हा भोगणाऱ्याचा अपमान ठरू शकतो. वाबी-साबीच्या नावाने गोधडीचे, पडक्या वाड्याचे किंवा सारवलेल्या भिंतीचे कौतुक करताना समीक्षेने आधी विचारले पाहिजे, की ही अपूर्णता कोणी निवडली आहे आणि कोणावर ती लादली गेली आहे.

याचा अर्थ गोधडीत सौंदर्य नाही असा नव्हे. ते ठिगळाच्या जुनेपणात शोधू नये, एवढेच. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग यावा, टाके कोणत्या दिशेने वळावेत, कोपऱ्याला काय करावे, हे निर्णय शिवणारीचे असतात. टंचाई तिची नसते, पण टंचाईतली रचना तिची असते. सौंदर्यदृष्टीने पाहायचे ते या निर्णयांकडे, विरलेल्या सुताकडे नव्हे. अशा वाचनात गोधडी करुणेचा विषय न राहता कर्तृत्वाची खूण होते.

६

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळता येईल. जपानी सौंदर्यविचाराने अनित्यता शोधून काढली नाही. तिच्यापासून तात्पर्य काढण्याची सक्ती त्याने उठविली. नोरिनागाचा बोधवादाला विरोध, किरेजीने पाडलेली भेग, इस्साचे अर्धे राहिलेले वाक्य आणि किन्त्सुगीतली सोन्याची रेषा या सर्वांत ही एकच मोकळीक आहे. मराठी परंपरेत नश्वराची जाण कमी नव्हती. नश्वराजवळ थांबण्याची मुभा कमी होती. ती मुभा मिळाली तर फंदीच्या फटक्यामागचा विरलेला डफ आणि मर्ढेकरांच्या ओवीतली फट ऐकू येऊ लागेल, आणि हायकूलाही यमकाविना संपता येईल.

सावधगिरी बाळगायची ती याच मुभेच्या वापरात. तात्पर्य न काढता थांबणे हा ज्याचे त्याचे दुःख असते त्याचा अधिकार आहे. इस्साची अर्धी ओळ बापाने लिहिली, म्हणून ती अर्धी राहू शकली. दुसऱ्याच्या फुटलेल्या घटाजवळ उभे राहून त्याच्या भेगांचे सौंदर्य वर्णन करणाऱ्याला ती सवलत नाही. घट कसा फुटला हे त्याला आधी सांगावे लागेल.